गुरुवारचं पाणी

गुरु. ९ जाने.
कॉलेज प्रोजेक्टसाठी पाणी भरायचा शेवटचा फेरा झाला एकदाचा. ओंकारच्या पप्पांची गाडी गुरुवारीच मोकळी असते, एमआयडीसीची सुट्टी, म्हणून आमचे सगळे फेरे गुरुवारचे. टेकडीखाली स्नेहा, मध्ये कंपन्यांच्या भिंतीमागे ओंकार, खाली आमच्या वस्तीच्या घाटावर मी. ओढा एक, बाटल्या तीन. बाटलीत थेंब टाकायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वर तपकिरी. मध्येही तपकिरी. माझ्याकडे दर वेळी फिक्कट.
घाटावर बायका गोधड्या आपटत होत्या, त्यात आईसुद्धा. साबणाच्या फेसातूनच बाटली भरली. स्ने. नाकाला रुमाल लावून वर उभी. सांगवीहून येते, तिला माफ.

शनि. ११ जाने.
आज निष्कर्ष. तिघांचे आकडे एका शीटमध्ये, प्रोजेक्टचे सर खुर्चीमागे उभे. "आकडेच बोलतायत, आपण मध्ये बोलायचं नाही." मग सरच बोलत गेले आणि स्ने. टाइप करत गेली. 'कंपन्यांच्या भागात पाणी समाधानकारक असून ओढा मुख्यतः वस्तीतील कपडे धुण्यामुळे दूषित होतो.'
मी म्हटलं, सर, पण पाण्याला वास येतो. केमिकलचा. लहानपणापासून येतो.
"वास म्हणजे आकडा नव्हे."
ओंकार हसला. मीपण हसले. कशाला हसले कोण जाणे.

मंगळ. १४ जाने.
संक्रांत. कॉलेज बंद, कंपन्या चालू. दुपारी सहज घाटावर गेले. पाणी काळपट, वर पिवळा फेस, डोळे चुरचुरले. घाटावर चिटपाखरू नाही.
हे काही आज पहिल्यांदा पाहिलं नाही. जन्मापासून पाहतेय, म्हणूनच डोक्यात शिरलं नसावं. बायका गुरुवारीच का धुतात? त्या दिवशी त्यांना सुट्टी. आणि त्या दिवशी कंपन्यांनाही सुट्टी, म्हणून पाणी धुण्यासारखं असतं. आणि आम्ही तीन शहाणे नेमके त्याच दिवशी बाटल्या घेऊन... कंपन्या झोपलेल्या असताना त्यांची नाडी बघितली, आणि आईला कपडे धुताना पकडलं.
आईला विचारलं, दुसऱ्या वारी धुवायला का जात नाहीस? "बेस्तरवारीच पानी निवळ असतंय. बाकी दिवशी त्यात कोन हात घालील?" आणि मला तिळगूळ दिला.

बुध. १५ जाने.
सांगितलं. ओंकार: "राव, आता? पोस्टर छापायला गेलंय." दुसऱ्या वारी गाडी मिळणार नाही म्हणे. ओंकारच्या घरच्या शेतात आता शेड उभ्या आहेत, कंपन्यांना भाड्याने.
सरांनी ऐकून घेतलं, हे खरं. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. 'मर्यादा' म्हणून एक ओळ टाकू." छपाईवाल्याला फोन करून टाकली. 'सर्व नमुने एकाच वारी घेतले.' सगळ्यात खाली, आभारांच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि खाली तळटीप.

मंगळ. २१ जाने.
स्ने.ने पाणी तपासायचं किट दिलं. जिन्यात, पिशवीत घालून. "मी दिलं म्हणू नकोस हं." म्हणजे तिलाही पटलंय. पटून काय उपयोग, पण किट तरी दिलं.
एकटीच भिंतीमागे गेले. वॉचमनने हटकलं, "ओ ताई, काय पायजे?" म्हटलं, कॉलेजचं काम आहे. बाटली भरली. पांढरा साका. परत भरली. पांढराच. मला आनंद झाला, खरंच. मग आठवलं, हेच पाणी पुढे आमच्याकडे येतं.
बाटली तशीच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "एका दिवसाचा नमुना ग्राह्य नाही. आणि गटाचा निष्कर्ष गटाचा असतो, एकीचा नाही." सगळे गुरुवार ग्राह्य. मंगळवार अग्राह्य.
ओंकारने बोलणं सोडलंय.

शुक्र. ३१ जाने.
प्रदर्शन. दुसरा नंबर आला. प्रमुख पाहुणे, महापालिकेचे साहेब, आमच्या पोस्टरसमोर बराच वेळ थांबले. "म्हणजे लोकच घाण करतात! घाटाला जाळी मारून टाकू." टाळ्या. मग फोटो, फोटोत मी मधोमध.
खालची ओळ कुणी वाचली नाही. मी बोट दाखवू शकले असते. शेजारी सर होते आणि इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. बोट खिशातच राहिलं. सगळ्यांचा राग येतोय, माझा जरा जास्तच.

सोम. ३ फेब्रु.
पुढच्या फेरीला निवड. शनिवारी, पिंपरीच्या सभागृहात. सर म्हणाले, "सादरीकरण तू कर. वस्तीतलीच मुलगी बोलली की परिणाम होतो." हे ते कौतुकाने म्हणाले. स्ने. फरशीकडे बघत होती.
मी हो म्हटलं. लगेच. माइक माझ्या हातात असेल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.
संध्याकाळी ओंकारचा मेसेज, इतक्या दिवसांनी: "शहाणपणा करू नकोस. तिघांचे मार्क आहेत. प्लीज." त्या प्लीजने जास्त त्रास झाला. घरी त्यालाही कुणीतरी काही बोललं असणार.

शुक्र. ७ फेब्रु.
सरांनी भाषण लिहून दिलंय. पाठ आहे. 'आमच्या वस्तीतील महिलांच्या अज्ञानामुळे' इथे मी रोज अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.
माझं मंगळवारचं एकच वाक्य आहे: कंपन्या चालू असताना भिंतीमागेही साका पांढराच. ते कुठे घालायचं, ठरत नाही. घातलं तर तिघांचे मार्क गेले. ओंकार आयुष्यभर तोंड बघणार नाही, आणि स्ने.ने किट दिल्याचंही बाहेर येईल. नाही घातलं तर...
आईने शिफ्ट बदलून घेतली आहे. शेजारच्या दोन मावश्याही येणार, पहिल्या रांगेत बसणार. ठेवणीतल्या साड्या काढल्यात. मी नको म्हटलं तर आई म्हणाली, "का? आमी आलो तर लाज वाटती व्हय?"
जेवताना तिने विचारलं, "आपल्या वढ्याचं काय निगालं गं शेवटी?"
म्हटलं, उद्या कळेल.
"चांगलंच निगालं आसंल," आई म्हणाली. "न्हाईतर बक्षीस कशाला देत्याल?"