थोरल्याचं तेल

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प असे: रागवायचं नाही. चहा दोनदाच. कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. तिसरा जड जाईल, कारण लोक विचारतच नाहीत.

थोरल्याचं तेल तपासलं. थोरला म्हणजे कारखान्याच्या यार्डातला जुना ट्रान्सफॉर्मर. शेजारचा लहान तो धाकटा. ही नावं मीच ठेवली. थोरला आणि मी एका वयाचे, पन्नाशीला टेकलेले. दोघेही कमी बोलतो. त्याच्या पोटातलं तेल आतली वीज आवरून धरतं आणि उष्णताही सोसतं. तेल बिघडलं की ट्रान्सफॉर्मर गेला. म्हणून मी बाटलीभर तेल काढतो, टेस्टिंग मशीनच्या पेल्यात ओततो आणि व्होल्टेज चढवत नेतो. ठिणगी पडली की आकडा लिहायचा. आकडा मोठा तितकं तेल निरोगी. तीसच्या खाली आजारी.

आज सव्वीस आला. नव्या इंजिनिअर मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मी म्हणालो, आज मशीनचा मूड दिसत नाही. त्या म्हणाल्या, मशीनला मूड नसतो, उद्या पुन्हा सॅम्पल घ्या. नवीन आहेत. शिकतील.

चहा चार वेळा. पण त्यातले दोन कोणीतरी आणून दिले होते.

५ मार्च
दोष सापडला. बाटली. स्टोअरमधून येते तशीच आपण वापरतो. देवापुढे ठेवायचं भांडं आपण असं ठेवू का? आज बाटली स्वतः साबणाने धुतली. हिने जुन्या चादरीचा मऊ सुती तुकडा फाडून दिला होता, तो काडीला गुंडाळून आतून फिरवून फिरवून पुसली. मनात नामस्मरण चालू होतं. बाटली आरशासारखी झाली.

रिझल्ट बावीस.

म्हणजे तेल खरंच उतरतं आहे. बाटलीबद्दलची शंका मात्र मिटली, एवढं समाधान.

७ मार्च
सॅम्पल कसं घ्यावं याच्या सूचना मॅडमनी भिंतीवर चिकटवल्या. अक्षर बारीक, चष्मा घरी. शिवाय माझ्यासारख्याने त्या वाचायच्या म्हणजे आचाऱ्याने पाणी कसं उकळावं ते विचारण्यासारखं. स्विचबोर्डवरचे तात्या मुद्दाम मोठ्याने वाचत बसले. बाटलीला आतून कापड लावू नये, त्याचे धागे तेलात राहतात आणि ठिणगीला वाट देतात.

मी म्हणालो, हे मळक्या कापडाबद्दल असणार. आपलं दोनदा धुतलेलं आहे.

पुढची सूचना: व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिलं तेल वाहू द्यावं, मग बाटली भरावी. हे तर मनाला पटतच नाही. झोपेतून उठल्या उठल्या माणूस जे बोलतो ते खरं. तोंड धुतलं की तो सावध होतो. तेलाचंही तसंच असणार. मी पहिला थेंब वाया जाऊ देत नाही. तात्या म्हणाले, आमच्या घरी उठल्या उठल्या काय बोललं जातं ते तुम्ही एकदा ऐकायला या. भलतीकडे जायची सवय आहे त्यांना.

१४ मार्च
आकडे घसरले म्हणून बोलावलेला फिल्टर मशीनवाला काम संपवून गेला. इतके दिवस थोरल्याचं तेल एका पाइपातून काढून, तापवून, पाणी आणि गाळ वेगळा करून दुसऱ्या पाइपातून परत आत सोडत होता. बघवत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कोणी असं धुतलं तर?

निघताना त्याने स्वतःच्या बाटलीत सॅम्पल घेऊन टेस्ट केली. बासष्ट. मला म्हणाला, काका, हे तेल आता तान्ह्या बाळाच्या टाळूला लावा. मी हसून सोडून दिलं (पहिला संकल्प). तो गेल्यावर नीट पुसलेल्या बाटलीत माझं सॅम्पल घेतलं. एकोणीस.

याचा अर्थ उघड आहे. तापलेलं तेल दुखावलं. बासष्ट हा त्याच्या मशीनचा मोठेपणा.

१५ मार्च
साहेबांच्या केबिनमध्ये बैठक. एकाचे बासष्ट, एकाचे एकोणीस, खरं कुणाचं? मॅडम म्हणाल्या, सॅम्पल घेण्यात चूक होत असावी. सगळ्यांनी फिल्टरवाल्याच्या नावाने माना हलवल्या. निदान मला तरी तसं दिसलं. मी साहेबांना सांगितलं की फिल्टरवाला आज आहे, उद्या नाही, मी मात्र इथेच आहे. ते त्यांना पटलं.

ठरलं असं: बुधवारी शेवटचं सॅम्पल, तेही मीच घ्यायचं. तीसच्या खाली आलं तर थोरला भंगारात. नवा येणार.

घरी जाताना यार्डावरून गेलो नाही, लांबून वळसा घेतला. पण थोरल्याचं जगणं-मरणं माझ्या हाती दिलं, हा विश्वासही काही लहान नाही.

१८ मार्च
तयारी. बुधवारपर्यंत मौन. जुनं कापड नको. हिच्या कपाटात मलमलची कोरी ओढणी होती, तिचा कोपरा कापला. घडीत दिसत नाही.

बाटली तीनदा पुसली.

१९ मार्च
मौन कठीण. तात्यांच्या हे लक्षात आलं आहे आणि ते त्याचा फायदा घेत आहेत. सकाळपासून मागे लागले होते की कापड सोडा, एकदा कोरड्या बाटलीत आधी तेलच खळबळून बघा, तुमचं काय जातंय. मला उत्तर देता येईना. द्यायची उत्तरं इथे लिहून ठेवतो. एक, आपलं काम बघा. दोन, स्विच पाडणं निराळं आणि तेल ओळखणं निराळं. तिसरं चांगलं होतं, पण आता आठवत नाही.

घरी हिने ओढणीबद्दल विचारलं. मौन उपयोगी पडलं.

२० मार्च, दुपार
चौदा.

साहेबांनी सही केली. शनिवारी ट्रेलर येतो आहे.

२१ मार्च, संध्याकाळ
सुटी झाल्यावर यार्डात गेलो. कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. थोरला नेहमीसारखाच गुणगुणत होता. आजारी माणसाचा आवाज असा नसतो. सकाळी पोथी उघडली तर अक्षरं पुढे सरकेनात. इतकी स्वच्छता, इतकं नामस्मरण, आणि तरी हा माझ्या हातून चालला. देवालाही काही विचारवेना. विचारलं असतं तर त्यानेही भिंतीकडे बोट दाखवलं असतं, असं एकदा वाटून गेलं. थकवा असेल.

मॅडम घरी जायला निघाल्या होत्या, मला बघून थांबल्या. ओरडतील असं वाटलं. शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "काका, उद्या सॅम्पल मी घेते. तुम्ही फक्त बघा. हात मागे बांधून."

२२ मार्च
हात मागे बांधून उभा राहिलो.

मॅडमनी लॅबमधून वाळवून, बूच लावून आणलेली बाटली घेतली. व्हॉल्व्ह उघडला आणि तेल बादलीत वाहू दिलं. चांगलं मोठं भांडंभर. माझा जीव तुटत होता. मग बाटलीत थोडं तेल घेऊन खळबळून फेकलं. परत तसंच. मग भरली. पुसणं नाही, काही नाही. इतकं निष्काळजी सॅम्पल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

अठ्ठावन्न. दुसऱ्यांदा साठ.

त्यांनी माझी बुधवारची बाटली उजेडाला धरली. आत बारीक पांढरे तंतू तरंगत होते. इतके दिवस मी ते माझ्या चष्म्यावरचे ओरखडे समजत होतो.

त्या म्हणाल्या, "थोरल्याला काही झालेलं नाही, काका."

थोरला, म्हणाल्या. ट्रान्सफॉर्मर नंबर एक नाही.

मी शेडमागे जाऊन डोळे पुसले. ओढणीचा तुकडा खिशातच होता.

२३ मार्च
ट्रेलर रद्द. शांतपणे विचार केला. फिल्टर केलेलं तेल निवायला वेळ लागतो, आणि मौनाचं फळही उशिराच मिळतं. दोन्ही एकाच दिवशी पूर्ण झालं आणि नेमकं तेव्हा मॅडमनी सॅम्पल घेतलं. नशीबवान आहेत. हे त्यांना सांगितलं नाही (तिसरा संकल्प).

२८ मार्च
वाटलंच होतं. एप्रिलमध्ये सगळ्या प्लांटच्या टेक्निशियनांसाठी ट्रेनिंग ठेवलं आहे. मॅडम म्हणाल्या, काका, सगळ्यांसमोर सॅम्पल तुम्ही घ्या, अगदी नेहमी घेता तसं, काहीही बदलू नका. साहेबांचीही परवानगी आहे. शेवटी अनुभव तो अनुभव. तात्यांना सांगितलं. ते खोकत बाहेर गेले.

हिला सांगितलं. ही म्हणाली, सॅम्पल घ्यायला जाताना आपलं आपलं कापड घेऊन जा.

भाषणाचे चार मुद्दे काढले आहेत. इस्त्रीचा शर्ट.

५ एप्रिल, शुक्रवार
हॉल भरलेला. टेबलावर तेलाचा पिंप, त्याला व्हॉल्व्ह. मी बाटली धुतली, पुसली, पहिला थेंब धरला. सगळे भराभर लिहून घेत होते. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. भाषण सुरू करणार, तेवढ्यात मॅडम माझ्यासाठी खुर्ची ओढत म्हणाल्या, "थँक यू, काका. बसा." मग हॉलकडे वळून म्हणाल्या, "चला, आता चुका सांगा."

हात वर झाले. कापड. पाण्याचा अंश. पहिलं तेल. उघडं बूच. बोट बाटलीच्या तोंडाला. मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता आलं असतं. मागच्या रांगेतले तात्या खाली मान घालून बसले होते, त्यांनी एकही सांगितली नाही.

हात थांबले. मॅडमनी विचारलं, आणखी काही? कोणाला सुचेना.  मग मी हात वर केला.

बाटली भरण्याआधी मी आत फुंकर मारली होती. धूळ जावी म्हणून. तोंडाची वाफ आत गेली असणार.

मॅडमनी तीही लिहिली.