सांगानेरला थांबलेला ठिपका

बाबा, मी गाडी घेतली. पांढरी, लहानशी, लेकीला जगतपुऱ्याच्या कॉलेजात न्यायला सोपी पडेल अशी. तुम्हाला हे आनंदाने सांगायला हवं होतं, पण आधी माझा मनस्ताप ऐका. शोरूममध्ये पाऊल टाकलं नाही तोच त्यांनी मोबाइल नंबर मागितला, नाही दिला तर म्हणे सिस्टिम पुढे जात नाही. दिला, तर घरी पोचेपर्यंत विमावाले, कर्जवाले, सीटकव्हरवाले, झाडून सगळ्यांचे फोन. मग कळलं की गाडीतच एक सिम असतं, आणि ती कुठे गेली, किती वेगाने गेली, कुठे किती वेळ उभी राहिली, हे सगळं ते कंपनीला कळवत राहतं. सेल्समन मोठ्या कौतुकाने सांगत होता, "मॅडम, ॲप में आप घर बैठे देख सकती हैं, बिटिया कहाँ है." मी म्हटलं, "मुझे नहीं देखना." त्याला वाटलं मी गंमत करतेय. संमतीचा फॉर्म मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसले, चार ठिकाणी आधीच केलेल्या खुणा काढायला लावल्या, तेव्हा मॅनेजर आला, चहा आला, आणि "मॅडम, आपको छुपाना क्या है?" असंही विचारून झालं. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला काय लपवायचं असणार? पण लपवायला काही नसलं म्हणून काय घराची दारं काढून ठेवायची? मी हटले नाही. ॲप न लावताच किल्ली घेतली आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

हा हट्ट तुमचाच. रेल्वेगाड्या कुठे आहेत हे क्षणाक्षणाला माहीत असणं ही तुमची नोकरी होती, आणि घरातलं माणूस कुठे आहे हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी तेरा-चौदा वर्षांची आहे, कंट्रोल ऑफिसात तुमचा डबा घेऊन आलेय. टेबलभर कागद पसरलाय, फोनवर एकेक स्टेशन गाडी सुटल्याचं सांगतंय, आणि तुम्ही पेन्सिलीने त्या गाडीची रेघ पुढे नेताय. मी हळूच सांगते, ताई आज कॉलेजात नाहीये, मी तिला बाहेरगावी, चौमूंला जाणाऱ्या बसमध्ये चढताना पाहिलं, बरोबर एक मुलगा होता. तुम्ही रेघ स्टेशनापर्यंत नेता, पेन्सिल खाली ठेवता. "मी विचारलं होतं का तुला?" माझं तोंड उतरतं, कारण मला शाबासकी हवी होती. "आता मला माहीत झालं. संध्याकाळी मी तिला 'कुठे होतीस' विचारलं, तर ती घाबरून खोटं बोलेल. ते खोटं मी तिच्याकडून बोलवून घेतलेलं असेल. डबा ठेव आणि घरी जा." त्या संध्याकाळी तुम्ही ताईला एवढंच विचारलंत, की अजून एक पोळी वाढू का. पुढे काही महिन्यांनी ती आपण होऊन तुमच्याजवळ येऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. माझा राग मात्र बरेच दिवस गेला नाही.

गेल्या मंगळवारी लेक पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली. दुपारी एकपासून फोन उचलेना. चार वेळा लावला, आणि टोंक रोडवरचे ट्रक डोळ्यांपुढे यायला लागले. मी पर्समधून त्या सेल्समनचं कार्ड शोधलं आणि स्वतः त्याला फोन केला. "दो मिनट का काम है मॅडम," तो म्हणाला. त्याने टोमणासुद्धा मारला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. ज्या ॲपवरून मी शोरूम डोक्यावर घेतली होती, त्याचाच ओटीपी त्याला मुकाट्याने वाचून दाखवला. नकाशावर निळा ठिपका आला. सांगानेर. कॉलेजात नाही, सांगानेरला, एका गल्लीच्या तोंडाशी, इंजिन बंद आणि दारं लॉक करून उभी केलेली गाडी. म्हणजे अपघात नव्हता, जीव भांड्यात पडला होता, तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. मी पुढचे दोन तास त्या ठिपक्याकडे बघत बसले.

ती पाचला आली, किल्ली टेबलावर टाकली, फ्रिज उघडला. आणि बाबा, मला माहीत असून मी विचारलं, "कुठे होतीस गं?"

"कॉलेजात. मतलब, प्रॅक्टिकल लांबलं ना आज. फोन सायलेंटवर होता." फ्रिजमध्ये बघतच बोलली. ती माझ्याशी खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते तिच्या तोंडात मी घातलं होतं. सांगानेरला कोण आहे, काय आहे, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित काही महिन्यांनी तीही माझ्याजवळ येऊन बसली असती. आता मी विचारू शकत नाही, आणि मी ठिपका पाहिला हे तिला सांगायचं झालं तर आधी त्या प्रॅक्टिकलचं काय करायचं हा प्रश्न आहे.

ॲप काढून टाकायचं मी त्याच रात्री ठरवलं. आज रविवार. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, ते एका परीने बरंच आहे. लेक शेजारच्या खोलीत अभ्यास करतेय, गाडी खाली जिन्यापाशी उभी आहे, मला खिडकीतून दिसतेय. तरी हे लिहिता लिहिता मी तीनदा फोन उघडून पाहिलं, ती कुठे आहे.