बसवलेला माणूस

सोलापूर, रविवार, संध्याकाळ

माझ्या लग्नाआधी मायलेकींनी एकदा सिनेमा बघावा म्हणून अव्वाला नेलं, आणि आता तिचंच वाक्य डोक्यातून जात नाहीये. एका घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट. मूळ कादंबरी मी वाचलेली, म्हणून शहाणपणा करत होते. प्रत्येक लग्नात मेलेले पणजोबा येऊन खुर्चीत बसतात आणि कुणालाच नवल वाटत नाही. अव्वा गोंधळेल म्हणून कानात सांगितलं, "हे खरं नाही हं, कल्पना आहे."

"त्यात काय एवढं? बसवून पुरलं असंल की. आडवं केलेल्याला उठायला वेळ लागतो."

आमच्यात माणसाला बसवूनच पुरतात. अप्पांनाही तसंच बसवलं. तिला ते पणजोबा आपल्यातलेच वाटले! मी इतकी हसले. हसायला नको होतं का? तीही हसली म्हणा.

अप्पा गेल्यापासून त्यांच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. घरी येऊन मी चहा करेपर्यंत ढीग पलंगावर गेलेला, खुर्ची पुसलेली. मी कप घेऊन बसायला गेले, तर अव्वा म्हणाली,

"तितं नको बसू. लग्न तोंडावर आलंय की."