सेडीचा कॉम्प्युटर

पोर्ट कॅलम, केप ब्रेटन
ऑक्टोबर अखेर

प्रिय लॅकलन,

मोरॅगची मेल आली. तुझं घर बघायला हॅलिफॅक्सहून एक जोडपं शनिवारी येणार आहे आणि किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मी आधी जाऊन खिडक्या उघडून ठेवाव्यात, असं तिनं लिहिलंय. मुलगी गुणाची आहे, फार अदबीनं लिहिते. पण ‘बाबा आता एडमंटनलाच राहतील असं जवळजवळ ठरलंय’ या वाक्यापाशी मी अडले. जवळजवळ म्हणजे किती, ते तिनं लिहिलं नाही, आणि तू तर काहीच लिहिलं नाहीस. काल जाऊन खिडक्या उघडल्या. तुझ्या स्वयंपाकघराला अजून तापल्या कथलाचा वास आहे. हॅलिफॅक्सच्या लोकांना तो आवडेल असं वाटत नाही.

इकडचं सांगते. चर्चच्या हॉलमधला आपला दुरुस्तीचा कोपरा चालू आहे. गुरुवारी मी एकटीच बसते. लोक अजून जुने कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, लॅकलन कुठाय? मी म्हणते, पश्चिमेला, लेकीकडे. मग ते माझ्याकडे असे बघतात, जणू डॉक्टर रजेवर आहे आणि कंपाउंडरच सुई टोचणार आहे. गेल्या आठवड्यात यंत्र घेऊन आलेला डंकन म्हणाला, ‘एफी, तू फक्त झाकण उघडून ठेव, तो आला की बघेल.’ मी म्हटलं, ‘डंकन, तू टोपी तेवढी काढून ठेव, आत काही सापडलं तर मीच बघते.’ तू असतास तर चहा नाकातून आला असता तुझ्या.

सेडी मॅकिनिस आठवते ना, गोदीजवळची? आता नव्वदीला टेकली, पण अजून नवा माणूस दिसला की आधी विचारते, ‘तू कोणाची गं?’ बापाचं नाव कळल्याशिवाय खुर्ची देत नाही. तिचा लेक उत्तरेला खाणीवर आहे आणि रविवारी दोघं कॉम्प्युटरवर एकमेकांना बघत बोलतात. तो कॉम्प्युटर बसला. यंत्र धडधाकट, पण इतकं जुनं की आजकालची जड प्रणाली त्याला पेलेना. तू अशांसाठी ती चिमुकली लिनक्स प्रणाली ठेवली होतीस, पेनड्राइव्हवर मावणारी. तीच घातली मी. शेवटी पडद्यावर तो नेहमीचा प्रश्न आला : बूट लोडर कुठे ठेवू?

बूट लोडर म्हणजे काय हे तू मला पहिल्यांदा समजावलंस ते अजून आठवतं. आपल्या नाचाच्या रात्री दारात उभा राहणारा तुझा मामा, म्हणालास तू. स्वतः एक पाऊल नाचत नाही, पण आलेल्याला आत कुठे जायचं ते तोच सांगतो. तो जागेवर नसेल तर आत वाजंत्री, जेवण सगळं तयार असूनही माणूस अंधारात उभाच. त्यानंतर मी तुझ्या मामाला चर्चमध्ये बघितलं की हसू यायचं, आणि तू शेजारून कोपर मारायचास.

तर मी सवयीनं डिस्कच्या यादीतलं पहिलं नाव निवडलं. पहिलं नाव आतल्या डिस्कचंच असतं, नाही का? नसतं. त्या म्हाताऱ्या यंत्रात पेनड्राइव्ह आधी जागा झाला होता आणि पहिलं नाव त्यानं पटकावलं होतं, म्हणजे बूट लोडर पेनड्राइव्हवरच गेला. पेनड्राइव्ह लावलेलाच होता, त्यामुळे कॉम्प्युटर छान सुरू झाला, मी खूश. सेडीच्या घरी नेला, लावला, पुन्हा सुरू केला, पेनड्राइव्ह खिशात घातला, तिनं केलेले माशाचे वडे खाल्ले आणि घरी आले. रविवारी सेडीचा फोन : ‘पोरी, काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ, आणि ती मला डोळे मिचकावतेय. या वयात मला हे शोभतं का?’

तुझा नियम मी मोडला होता. पेनड्राइव्ह काढ, बंद कर, चालू कर. यंत्र स्वतःच्या पायावर उठल्याशिवाय चहा नाही. किती गुरुवार आपण चहाच्या किटलीकडे बघत त्या पडद्यापुढे बसलो, लॅकलन! किटली गार व्हायची आणि तू गेलिक भाषेतल्या गाण्याची एकच ओळ गुणगुणत राहायचास, कारण पुढची येत नसे. बाहेर बर्फ पडत असायचं. यंत्र उठलं की तू आधी माझा कप भरायचास.

सेडी म्हणाली, ‘लॅकलनला फोन लाव.’ नंबर काढला होता मी. मग फोन ठेवून दिला. तू तिथून सगळं नीट सांगितलं असतंस, यंत्र सुरू झालं असतं, आणि लॅकलन एडमंटनला असला तरी भागतं, असं गावानं ठरवून टाकलं असतं. म्हणून मी एकटीच बसले. पेनड्राइव्हवरून सुरू केलं, दोन्ही डिस्कचे आकार बघून आतली कोणती ते ओळखलं, बूट लोडर तिथे घातला. पेनड्राइव्ह काढला, बंद केलं, चालू केलं. यंत्र उठलं. सेडीनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, ‘आता तो नसला तरी चालेल गं आपलं.’

ते वाक्य मी घरापर्यंत मनात घोळवत आले. उन्हाळाभर मी मनात एक पत्र जुळवत होते : कोपरा बंद पडेल, मला एकटीला जमत नाही, लोक अडलेत, तेव्हा तू ये. चांगलं, सभ्य पत्र होतं. तुझी बायको आणि माझा नवरा वारल्यापासून आपण दोघं असंच सभ्य कारण काढून भेटत आलो. आता ते कारण राहिलं नाही. मला सगळं जमतं, लॅकलन. कोपऱ्याला तुझी गरज नाही. घर विकायचं तर खुशाल विक, त्याच्या पायऱ्या तुझ्या कमरेला झेपायच्या नाहीत हे मोरॅगचं खरंच आहे. माझ्याकडे पायऱ्या नाहीत. समुद्राकडची खोली मी रंगवून घेतली आहे. कोणासाठी, असं डंकननं विचारलं तेव्हा मी त्याला तुझं नाव सांगितलं, म्हणजे आता ते गावभर झालंच असेल. दुरुस्तीला येऊ नकोस. राहायला ये.

तुझीच,
एफी