निळ्या कोटातली संचालिका

६ जाने. सोमवार. बाभुळगाव.
डायरे, मधात बोलू नको. तुले काय वाटते, मी बाबाले सांगितलंच नाही? सांगितलं. चहा पितानी सांगितलं, वेल्डिंग बंद करून सांगितलं. पुण्याच्या एका मासिकात नोकरी लागली, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. बाबा म्हंते, "आधी स्टॉल लागू दे. मंग बोलू." हे 'मंग' मी दहावीपासून ऐकून राह्यली.
स्टॉल म्हंजे यवतमाळचं कृषी प्रदर्शन. बाबा टोकण यंत्र बनवते. उभ्यानं ढकला, चाकाच्या चोचीतून बी आपोआप मातीत. पहिलाच स्टॉल त्यांचा. मांडणी कोन करन? "तू शिकली नं."

७ जाने. मंगळ.
बाबाचा नकाशा: समोर आडवा टेबल, त्यावर पत्रकं, मागं खुर्चीवर आपण. म्हटलं, हा स्टॉल नाही, तलाठ्याचं ऑफिस आहे. टेबल मागं. समोर काळी माती अंथरू, त्यात यंत्र उभं, मूठ येणाऱ्याकडे. त्यानंच ढकलून पाहावं.
"लोकं प्रदर्शनात माती पाहाले येते का वं? घरी कमी हाये?"
फ्लेक्सवर बाबाले कारखान्याचा पुरा इतिहास पाह्यजे. मले एकच ओळ: बी जमिनीत जाऊ द्या, कंबर नाही. भांडण. जेवण थंड. शेवटी बाबा म्हंते, "ओळ तुही, पण फोटो मी म्हणन ते." मी हो म्हटलं. येडी.

९ जाने. गुरु. यवतमाळ, मैदानावर.
फ्लेक्सवाला पप्पूभाऊ फ्लेक्स घेऊन आला. एका कोपऱ्यात बाबा, दुसऱ्यात मी. कॉलेजच्या ओळखपत्रातला फोटो. गोरी केली, अंगात निळा कोट, खाली 'संचालिका'.
"पप्पूभाऊ, हा कोट कोनाचा?"
"ताई, सगळ्याइले हाच घालतो. सरपंचाले बी हाच."
बाबा फ्लेक्ससमोर उभे. मंग हळूच, "लोकं पोराचा टाकते. म्या पोरीचा टाकला."
शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

१० जाने. शुक्र.
चालला स्टॉल. माती पाहून लोकं थांबते, चप्पल बाहेर काढते(!), ढकलून पाहाते. अनोळखी माणसं माही ओळ मोठ्यानं वाचून हासून राह्यले. कॉलेजात माह्या कविता कोणाले समजल्या नाही. आवडलं मले. हेच तर वाईट.
राळेगावकडची एक म्हातारी. यंत्र ढकललं, वळून बोटानं माती उकरली. "पडलं वं माय, पडलं!" मंग फ्लेक्स पाह्यला, मंग मले. "फोटोत हासून राह्यली, अन् इथं काहून तोंड सुतकी?"
बाबा जो येईन त्याले सांगते, "हे सारं पोरीनं केलं. आता धंदा तिचाच."

११ जाने. शनि.
स्टॉल उठला. माती परत ट्रॉलीत. म्हटलं, बाबा, उद्या दुपारी निघतो.
"पुढच्या महिन्यात पुसदचं प्रदर्शन आहे. तेवढं लागू दे. मंग..."
स्टॉल असा मोकळा केला की कोणीही यावं, कोणीही जावं. सगळे आले. सगळे गेले.

१२ जाने. रवि. एसटीत. अजून सुटली नाही.
सकाळी बाबानं फ्लेक्स वर्कशॉपसमोर दोन खांबाइले बांधला. तारेनं. कायमचा. "येता-जाता दिसन गावाले."
आई भाकरी बांधता-बांधता म्हंते, "इचारू नको आता. इचारलं की थांबशील."
कटर घेतला. फ्लेक्सवरचा फक्त माहा चेहरा कापला, गोल. कोट राहू दिला, 'संचालिका' राहू दिलं. कर्र आवाज झाला तसे बाबा शेडातून आले अन् भोकातून डोकावले. निळ्या कोटावर बाबाचं तोंड. कपाळावर वेल्डिंगचा चष्मा. खरं सांगतो, कोट शोभला त्याइले.
"चालली मी, बाबा."
बाबानं तोंड उघडलं. मी बॅग उचलली. स्टँडपर्यंत मागं पाह्यलं नाही. चेहरा खिशात आहे, फ्लेक्स धड दुमडत नाही, मांडीले टोचते.
तू बी काही म्हणू नको. फोन वाजून राह्यला. बाबा. कंडक्टरनं घंटी मारली.
मंग बोलू.