दोरीवरचा रस्ता

ता. ४ एप्रिल

चि. टिल्लूस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू आलास, तोंड वाकडं केलंस आणि तासाभरात परत गेलास. आमच्या रस्त्यावरचं रोजचं जगणं रंगीत फोटोंत धरून पुस्तक काढायचंय, असं तूच कळवलं होतंस. मी औषधं देता देता गिऱ्हाइकांना ते सांगितलं. सांगू नकोस, असं तू कुठे म्हणाला होतास?

बेकरीवालीने दाराला हिरवा रंग काढला. तो वाळेना, म्हणून दिवसभर ब्रेड खिडकीतून विकला. सायकलवाल्याने हातांचं वंगण रॉकेलने घासलं आणि कोट घालून, उलट्या सायकलीशेजारी साहेबासारखा बसून राहिला. न्हाव्याने स्वतःचे केस काळे केले, त्याबरोबर अर्धं कपाळही. हा निव्वळ बावळटपणा होता, हे मला कळतं. पण तो तुझ्यासाठी केलेला बावळटपणा होता. मीसुद्धा दिवसभर दुकानाच्या काचेतून सगळ्यांकडे बघून हसत होते. गालांना सवय नाही, संध्याकाळी दुखायला लागले.

आता एक ऐक. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा फोटो दाखवशील आणि ज्याला नको असेल त्याचा काढून टाकशील, असा शब्द मी तुझ्या वतीने सगळ्यांना दिला आहे. तो पाळ.

लोभ आहे, पण तो गृहीत धरू नये.

तुझी आत्या

ता. ११ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी रोजचं जगणं मागितलं होतं, तू स्नेहसंमेलन भरवलंस. ओला रंग आणि रंगवलेला न्हावी बघायला मी एवढा प्रवास केला नव्हता. त्या दिवशी मी एकच फोटो काढला. अख्ख्या रस्त्यावर खरी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

यापुढे न कळवता येईन. कृपा करून तू कोणाला काही बोलू नकोस. आणि शब्द तू दिलास, मी नाही. माणसांना विचारून विचारून फोटो काढले की ओळखपत्रावरचे फोटो तयार होतात, पुस्तक नाही. बाबा तुझी आठवण काढतात आणि तू अजून तशीच आहेस का, असं विचारतात. तशीच आहे, असं मी सांगितलं.

राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझा टिल्लू

ता. २ सप्टेंबर

चि. टिल्लूस आशीर्वाद, वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुझा पराक्रम बघितला. बेकरीवाली पिठाच्या पोत्यांवर झोपलेली, एका पायात बूट नाही, तोंड उघडं. खाली मोठ्या अक्षरांत 'थकलेला रस्ता'. ती थकली आहे हे तुला कोणी सांगितलं? ती पहाटे उठून कणीक मळते आणि दुपारी झोपते, एवढंच. थकले असतील ते असली शीर्षकं सुचणारे लोक.

आता ब्रेड घ्यायला येणारा प्रत्येक जण तिला झोप झाली का म्हणून विचारतो. तिने माझ्या दुकानात येणं बंद केलं. रक्तदाबाच्या गोळ्या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आणते. मी दिसले की पाठ फिरवते. तिच्या अकलेबद्दल माझं मत तुला माहीत आहे. थर्मामीटर लावल्याने ताप उतरतो, अशी तिची समजूत आहे. पण तिच्या लेखी खोटी पडले ती मी, तू नाहीस.

पुस्तक छापायला जाण्याआधी सगळे फोटो घेऊन ये. माझ्या दुकानापासून सायकलवाल्यापर्यंत दोरी बांध आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ते टांग. ज्याला नको, तो आपला काढून नेईल. आला नाहीस, तर कॅमेरा दिसताच कोट घालून दात काढा, असं मी सगळ्यांना बजावून ठेवीन. मग काढ रोजचं जगणं!

आशीर्वाद या वेळेपुरते राखून ठेवले आहेत.

आत्या

ता. २० सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे रस्ता दोरीवर वाळत घातला. तू मात्र काउंटरमागून हलली नाहीस. तमाशा बघायला वेळ नाही, असा निरोप तेवढा पाठवलास.

बेकरीवालीने तिचा फोटो काढून, घडी करून एप्रनच्या खिशात घातला. मी माफी मागितली. ती पुढचे फोटो बघत चालू लागली. तो पुस्तकातून काढला आहे. सायकलवाल्याने स्वतःचा राहू दिला, मेहुण्याचा काढला. मेहुण्याने भांडून परत लावला. न्हावी फोटोतली स्वतःची पाठ बघायला सारखा येत होता. त्याला ती आवडली असावी.

शेवटी तुझ्या दाराजवळचा एकच फोटो ठरायचा राहिला, त्या पहिल्या दिवशी काढलेला. तो आत्याचा आहे, तिलाच विचारावं लागेल, असं मी म्हणालो. त्यावर बेकरीवालीने पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारू नका, बाई नाहीच म्हणतील, असं म्हणाली. आणि तो नसेल तर हा आपलाच रस्ता आहे हे कोणाला पटायचं नाही, असंही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण शब्द तो शब्द. फोटो तिथेच ठेवून आलो आहे. सोमवारी छपाई सुरू होईल, त्याआधी कळव.

जे ठरवशील ते ठरव, पण माझ्यावरची माया काढून नेऊ नकोस.

टिल्लू

ता. २३ सप्टेंबर

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोरी सोडायला बाहेर गेले, तेव्हा बघितला. हिरव्या ओल्या दारापाशी ब्रश घेऊन उभी असलेली बेकरीवाली, खूश होऊन माझ्याकडे वळलेली. आणि काचेमागे लाल स्वेटरमधली मी. खालचा ओठ पुढे, एक भुवई वर. खोकल्याच्या औषधात झुरळ सापडल्यावर मी बाटलीकडे बघेन, तशी तिच्याकडे बघते आहे.

मागे लिहिलेली तारीख मी पुन्हा वाचली. त्या दिवशी मी हसत होते. मला पक्कं आठवतं, गाल दुखले होते.

फोटो छाप. खाली काही लिहू नकोस, लिहायची गरज नाही.

काल ब्रेड आणायला स्वतः गेले. बेकरीवालीकडे बघून हसले. तिने हातातला ट्रे खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, बाई, दाढ दुखतेय का.

राखून ठेवलेले आशीर्वाद यासोबत पाठवले आहेत.

तुझी आत्या