अल्सर नव्हता, दादा

प्रिय दादा,

साडेपाच महिने तू माझ्याशी बोलला नाहीस, म्हणून हे पत्र. फोन केला तर तू वहिनीच्या हातात देशील, आणि वहिनी बिचारी “ते आंघोळीला गेलेत” म्हणेल. संध्याकाळी सातला सुद्धा तू आंघोळीलाच असतोस. एवढा स्वच्छ माणूस मी आजवर पाहिला नाही. पत्र तुला मध्येच तोडता येणार नाही, आणि फाडलंस तरी आधी वाचशील, हे मला माहीत आहे. शाळेत माझ्या वह्या तू अशाच वाचायचास, रागावून, पण शेवटच्या पानापर्यंत.

आधी माझी खबरबात. मी जिवंत आहे. वजन अकरा किलो उतरलंय आणि केस अर्धे गेलेत, उरलेले मी स्वतः कापून टाकले. बस चालवत नाही. डेपोत साहेबांनी विचारलं, रजेच्या अर्जावर कारण काय लिहू, “पोटाचा त्रास” लिहू का? मी म्हटलं, कॅन्सर लिहा, तीनच अक्षरं आहेत, शाई काही संपणार नाही. साहेब खाली बघायला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच वेळापत्रकाच्या टेबलावर मला खुर्ची दिली. जमेल त्या दिवशी जाते, ड्रायव्हरांच्या पाळ्या लावते. सव्वीस वर्षं ज्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यांना आता पहाटेच्या फेऱ्या माझ्या हातून मिळतात. सुख वेगळं काय असतं?

दादा, तुला राग आलाय तो मी सही केली म्हणून. ती सही कशी झाली हे तू पाहिलंच नाहीस, तू खाली चहा आणायला गेला होतास. घास छातीत अडकायला लागल्यापासून तीन हॉस्पिटलं झाली. प्रत्येक वेळी फाईल तुझ्या काखेत, प्रत्येक वेळी “तू बाहेर बस, मी डॉक्टरांशी बोलून येतो.” आणि बाहेर आलास की एकच शब्द. अल्सर. जुना आहे, चिघळलाय, औषधानं जाईल. मी जन्मभर आरशात बघून मागची गाडी ओळखणारी बाई. तुझा चेहरा मला ओळखता येत नसेल असं तुला वाटलं? पण मीही विचारलं नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी तू चहाला गेलास आणि एक नर्स बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात एकोणीस पानांचा कागद. एक अभ्यास चाललाय म्हणाली. दोन जुनी औषधं सलाईनमधून द्यायची आणि त्यांच्या जोडीला एक नवं. तिन्ही एकत्र आजवर फार थोड्यांनी घेतलीत. घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण आधी स्वतः वाचायचं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, “जठर आणि अन्ननलिका जिथं जुळतात तिथं झालेला आणि शरीरात इतरत्र पसरलेला कर्करोग.” मी ते दोनदा वाचलं. मग नर्सला विचारलं, बाई, हा माझाच कागद आहे ना? तिला वाटत होतं मला माहीत आहे. तिचा चेहरा असा उतरला की मीच तिच्या पाठीवर हात ठेवला. मला म्हणावं तसं रडूही आलं नाही. आधी आला तो राग, आणि रागाच्या मागून, तुला विचित्र वाटेल, पण सुटल्यासारखं वाटलं. तीन महिने जो तो माझ्याशी मऊ आवाजात बोलत होता. त्या कागदानं मला पहिल्यांदा मोठं माणूस समजून सगळं सांगितलं. उलट्या होतील, बोटं बधिर होतील, आतड्याला सूज येईल, क्वचित जीवही जाईल, आणि फायदा होईलच असं नाही. एकोणीस पानांत एकदाही “काळजी करू नका” नव्हतं.

तू दोन कप घेऊन आलास आणि माझ्या मांडीवर तो कागद पाहिलास. तुझ्या हातातून चहा सांडला तो मला आठवतो. नंतर तू जे बोललास तेही. “प्रयोगाचा उंदीर व्हायचंय तुला?” सगळी रांग वळून बघायला लागली. दादा, उंदराला कुणी एकोणीस पानं वाचायला देत नाही. उंदराला सही विचारत नाहीत. मला तर माझ्या सख्ख्या भावानंही विचारलं नव्हतं. मी कागद घरी नेला, दोन दिवस वाचला, वहीत प्रश्न काढले, ते डॉक्टरीणबाईंना विचारले आणि मग सही केली. तू म्हणालास, मग माझं तोंड बघू नकोस. बरं.

दर पंधरा दिवसांनी सलाईन. एका मोठ्या खोलीत अकरा खुर्च्या आहेत, मागे कलणाऱ्या, आणि खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाईप दिसतात. माझ्या डाव्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर असायचे, भूगोल शिकवायचे. भयंकर बडबडे. मला म्हणायचे, तुम्ही एवढी वर्षं बस चालवलीत ती सगळी एकाच गावात, पृथ्वीला सात फेऱ्या झाल्या असतील आणि पाहिलं काय, तर तोच चौक. मी म्हणायचे, तुम्ही तर वर्गातच उभे राहून सगळे समुद्र ओलांडलेत, तेही पाय न भिजवता. सलाईन अडीच तास चालायची, आमचं भांडण तीन तास.

आम्हाला प्रत्येकाला एक वही दिली होती. रोज लिहायचं, किती वेळा उलटी, किती वेळा जुलाब, ताप किती, बोटांना काय होतं. नर्स ती दर वेळी तपासायची. ही वहीच खरी परीक्षा होती दादा, सुई काहीच नाही. कारण खोलीत एक कुजबुज पक्की होती, जास्त लिहिलंत की काढून टाकतात. एक बाई गेल्या वर्षी खरं लिहून बसल्या, त्यांची खुर्ची रिकामी झाली, असं सगळे एकमेकांना सांगायचे. त्या बाईंना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. पण भीतीला ओळखपत्र लागत नाही. मग सगळेच ताकाला जाऊन भांडं लपवायला लागले. औषध हवं आणि औषधानं काय केलं ते सांगायचं नाही. आणि मीही त्यातलीच, हे तुला आज कबूल करते. माझी बोटं चौथ्या वेळेपासून बधिर झाली होती. जिन्याचा लोखंडी कठडा धरला की वीज चावल्यासारखं व्हायचं. गार पाण्याचा घोट घेतला की गळा आवळला जायचा. चहाचा कप दोनदा हातातून पडला. आणि वहीत मी काय लिहीत होते? “बोटं ठीक.” तुझ्यावर खोटेपणासाठी चिडलेली मी, स्वतःच्या हातानं रोज एक अल्सर लिहीत होते.

पहिल्या दोन महिन्यांनी स्कॅन झालं तेव्हा माझी गाठ एक तृतीयांश कमी झालेली निघाली. मास्तरांची तर अर्धी. ते खुर्चीत उभे राहायला निघाले, सुईसकट. मग कोण लिहिणार खरं?

त्यानंतर एका सकाळी मास्तर आले ते भिंत धरत. तोंड पांढरंफटक. वहीत त्यांनी जुलाबापुढे “२” लिहिलं होतं. माझ्या कानात म्हणाले, “सतरा.” मी म्हटलं, नर्सला सांगा. ते म्हणाले, “काढतील हो. नातीची परीक्षा झाल्यावर सांगतो.” मी गप्प बसले दादा. त्यांचं गुपित आहे, आपण कशाला, असं मनाशी म्हटलं. अर्ध्या तासात त्यांचा हात खुर्चीवरून खाली लोंबला. त्यांना स्ट्रेचरवर ढकलत नेताना चाकांचा आवाज लांबपर्यंत येत होता, आणि माझ्या मांडीवर माझी वही उघडी होती, “बोटं ठीक.”

मी त्याच खुर्चीत बसून मागच्या सात आठवड्यांचं सगळं लिहून काढलं. पेन नीट धरता येत नव्हतं, अक्षर कोंबड्याचे पाय. मग नर्सला बोलावलं आणि सांगितलं, या खोलीतल्या अर्ध्या वह्या खोट्या आहेत. ती म्हणाली, कुणाच्या? मी म्हटलं, नावं नाही सांगणार, कारण सांगते. तुमच्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं इथं येऊन सगळ्यांसमोर बोला, खरं लिहिलं तर नक्की काय होतं ते. ती म्हणाली, त्या कामात आहेत. मी म्हटलं, मग माझी सलाईन राहू दे, त्या येईपर्यंत मी सुई टोचून घेत नाही. उजवीकडच्या बाई माझा पदर ओढत होत्या, कशाला वाकड्यात शिरता म्हणून. डेपोत तीन संप पाहिलेत मी. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

त्या आल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरगी, डोळ्यांखाली काळं. स्टूल ओढून आमच्या मधोमध बसल्या आणि सरळ सांगितलं. डोस कमी करावा लागतो. कधी तिन्हींतलं एक थांबवावं लागतं. कधी अभ्यासातून बाहेर काढावं लागतं, हो, तेही होतं. पण बाहेर काढलं तरी उपचार थांबत नाहीत, दुसरे सुरू होतात, आणि आम्ही तुम्हाला टाकून देत नाही. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही ठीक लिहिलंत तर मी हाच डोस पुढच्या माणसाला देणार. तो कदाचित खुर्चीपर्यंतही पोहोचणार नाही.” मग पलीकडच्या खुर्चीतल्या एका धिप्पाड गवंड्यानं हळूच हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि म्हणाला, “बाई, माझी वही परत द्या जरा.”

माझा डोस कमी झाला. पुढे आलेल्या सगळ्यांचाच कमी करून सुरू केला, असं नर्सनं सांगितलं. मास्तर वाचले. आतड्याची सूज उतरायला तीन आठवडे लागले. अभ्यासातून त्यांना काढलं, आणि गंमत बघ, औषध बंद असूनही त्यांची गाठ अजून वाढलेली नाही. परवा काठी टेकत मला भेटायला आले आणि म्हणाले, तुमच्यामुळे मला माझ्याच चुकीचं भाषण सगळ्या नर्सांकडून ऐकावं लागतं.

आणि मी? मी सगळं खरं लिहिलं, एकही फेरी चुकवली नाही, आणि मंगळवारच्या स्कॅनमध्ये यकृतावर नवे डाग निघाले. माझ्यापुरता हा अभ्यास संपला. डॉक्टरीणबाईंनी दार लावून, समोर बसून, माझ्याकडे बघत सांगितलं. पुढे एक दुसरं औषध आहे, थोडे महिने मिळतील, कदाचित. मी विचारलं, थोडे म्हणजे किती, आणि त्यांनी आकडा सांगितला. तो मी तुला समोरासमोर सांगेन. आता तू म्हणशील, बघ, मी म्हणत होतो. नको म्हणूस. मी हरले असेन तर उघड्या डोळ्यांनी हरले, आणि रस्ता माझा मी निवडला.

दादा, बाबांना आपण काय केलं ते तुला आठवतं ना? त्यांनाही आपण अल्सरच सांगितला होता. तू ठरवलंस आणि मी मान हलवली. शेवटच्या महिन्यात ते शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्तीला घेत होते, पुढच्या महिन्यात देतो म्हणत. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, “हा अल्सर फार चिवट दिसतो गं.” मी म्हटलं, होईल बरा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हो, होईल.” त्यांना कळलं होतं दादा. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून तेही खोटं बोलत होते. एका घरात खरं ठाऊक असलेली तीन माणसं, तिघंही एकमेकांना जपत, आणि कुणी कुणाचा निरोप घेतला नाही. तू हे दुष्टपणानं केलं नाहीस, मला ठाऊक आहे. माझ्या वेळीही नाही. तुला माणसं जाताना बघवत नाहीत, म्हणून तू आधीच तोंड फिरवतोस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आईला तू सांगितलंयस की मला लांब पल्ल्याच्या गाडीवर टाकलंय. मी ते खोटं पाच महिने निभावलं. दर आठवड्याला फोनवर नवीन गावं रचून सांगते, आणि ती विचारते, तिथं थंडी आहे का, जेवण वेळेवर मिळतं का. परवा म्हणाली, “तुझा आवाज इतका बारीक का झालाय? गाडी थांबव आणि ये.” म्हणून रविवारी सकाळी दहाला मी तुमच्या घरी येते आणि तिला सगळं सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला धक्का बसेल म्हणशील. बसू दे. तिची लेक आहे मी, तो धक्का तिच्या हक्काचा आहे, आपण तो चोरायचा नाही. तू फक्त आंघोळीला जाऊ नकोस. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे बसेन. तू डावीकडे बस, आणि तिचा हात धरून ठेव. माझी बोटं अजून बधिर आहेत, मला तो नीट धरता येणार नाही.

तुझीच हट्टी,
बारकी